शहापुरातला जुना स्टुडिओ, डार्करूम (फोटो धुवायची अंधारी खोली) अजून चालू हाय
आज्जा-आज्जीच्या लग्नाची निगेटिव्ह घेऊन गेलतो, स्टुडिओवाल्या मामांनी थेट डार्करूममध्येच उभं केलं, लाल दिवा, एन्लार्जर (निगेटिव्हवरनं उजेड टाकून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र), औषधांचे तीन ट्रे. आज्जीचा चेहरा काळा पडतोय म्हणून तारेला पुठ्ठ्याची टिकली लावून उजेडात हलवत राहिले, तेवढा उजेड अडला की चेहरा उजळतो, आणि पांढरंफट्ट आभाळ हाताच्या फटीतून जास्त उजेड देऊन गडद केलं. फोटोशॉपमधलं डॉज-बर्न हेच की ओ, 1990 ला ते यायच्या कितीतरी आधीचं! हात थांबला तर कडेला रेघ उमटते. डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवायच्या औषधात, कागदावर आज्जी हळूहळू दिसायला लागली तेव्हा डोळेच भरून आले बघा. प्रिंट मिळायला चार दिवस लागले, चालतंय. आज्ज्याच्या निगेटिव्हचं पाकीट पुढच्या आठवड्यात नेणार हाय.