हॅमर्ली एपी २० : लेकीचं पहिलं एअर पिस्तूल, आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, मी स्वतः नेमबाज नाही, जत्रेतला फुगासुद्धा माझ्याच्यानं आजवर फुटलेला नाही. पण गेलं दीड वर्ष घरात दुसरा विषय नाही, त्यामुळे ऐकून ऐकून आणि पैसे घालवून घालवून जे कळलंय ते लिहितेय, कारण आम्ही लेकीसाठी पिस्तूल घ्यायला निघालो तेव्हा मराठीत नीट सांगणारं कोणी भेटलं नाही आणि इथे इंदूरच्या एका दुकानात जे सांगितलं त्यातलं अर्धं चूक निघालं.

झालं असं की २०२४ च्या जुलैत पॅरिसला मनू भाकरनं दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ घेतलं आणि दोनच दिवसांनी सरबजोतसिंगबरोबर मिक्स्ड टीमचं दुसरं. आमची लेक तेव्हा बारा वर्षांची, दोन्ही मॅचेस आजीच्या टीव्हीसमोर बसून पाहिल्या आणि ठरवूनच टाकलं. आम्ही म्हटलं चार दिवसांचं खूळ असेल, आधी कथक झालं मग स्केटिंग झालं, स्केट्स अजून माळ्यावर पडलेत. दिवाळीच्या सुट्टीत नेमबाजीचा क्लब लावून दिला तो आजतागायत सुटलेला नाही.

माझे दीर महूला राहतात. तिथे आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे सैन्याचं नेमबाजीचं केंद्र आहे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सिल्व्हर आणणारा विजय कुमार तिथेच तयार झाला, त्यामुळे महूचा प्रत्येक माणूस स्वतःला अर्धा कोच समजतो, आमचे भाऊजी तर पूर्णच. ते म्हणाले, "वहिनी, एअर पिस्तूल म्हणजे खेळणं, घ्यायचंच तर पॉइंट टूटू घ्या, विजय कुमारनं तेच चालवलं." आता पॉइंट टूटू म्हणजे .२२ इंच बोअरचं, खऱ्या काडतुसाचं पिस्तूल, आणि ऑलिंपिकच्या पंचवीस मीटरला तेच लागतं हे खरंय, कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्सचं गोल्ड त्यातच घेतलं. पण ते फायरआर्म आहे भाऊजी, त्याला लायसन्स लागतं आणि शाळकरी पोरीच्या नावावर ते काही घरात येत नाही. एअर पिस्तुलाचं तसं नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे बोअर, म्हणजे नळीचं भोक, ४.५ मिमीच्या वर नसेल आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, आणि मॅचचं पिस्तूल जेमतेम पाच-सहा ज्यूलचं असतं. दुकानदार ओळखपत्र मागतो ते आईबापाचं, बिलही आमच्याच नावावर. पाच-सहा ज्यूल म्हणजे खेळणं मात्र नाही हं, डोळा जाऊ शकतो, त्यावर पुढे लिहितेच.

पहिले नऊ महिने ती क्लबच्या पिस्तुलावरच शिकली आणि हे आमच्या हातून झालेलं एकमेव शहाणपणाचं काम, तेही पैसे नव्हते म्हणून. क्लबचे सर म्हणाले होते, ताई घाई करू नका, आधी उभं राहायला शिकू दे. पहिला महिनाभर तर पेलेटच, म्हणजे शिशाची छोटी गोळीच दिली नाही, नुसतं उभं राहायचं, हात उचलायचा, दहा सेकंद धरायचा, खाली घ्यायचा. घरी एक लिटरची पाण्याची बाटली हातात धरून तेच. आजी म्हणायची फी कशाची देता रे.

मग दुकानाची पहिली फेरी. नाव घेत नाही. त्यांनी काचेच्या कपाटातून एक स्प्रिंगचं पिस्तूल काढलं, नळी मोडून लोड करायचं असतं ते, आणि "दीदी, बच्चों के लिए यही बेस्ट है, ओलंपिक वाला ही समझो" असं बिनधास्त ठोकून दिलं. स्वस्त होतं, मी जवळजवळ घेतलंच होतं. नवऱ्यानं सरांना फोन लावला म्हणून वाचलो. स्प्रिंगच्या पिस्तुलात ट्रिगर दाबला की आत पिस्टन धाडकन पुढे येतो, पेलेट नळीबाहेर पडायच्या आधीच पूर्ण पिस्तूल हलतं, त्यामुळे नव्या पोराला कळतच नाही की चूक हाताची की मशीनची. पत्र्याचे डबे पाडायला ठीक आहे. पण दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा गोल ११.५ मिमीचा असतो, शर्टाच्या बटणाएवढा, तिथे हे चालत नाही.

दुसरा पर्याय होता एका दांडीत हवा दाबायचं पिस्तूल, प्रत्येक शॉटला दांडी उघडायची आणि मिटायची. सिलेंडर नको, पंप नको, काही नको, आणि नेम अगदी व्यवस्थित लागतो. मला फार आवडलं होतं खरं तर. पण मॅच असते साठ शॉटची, वर सुरुवातीचे ट्रायलचे वेगळे, म्हणजे सत्तर-ऐंशी वेळा दांडी उघडायची-मिटायची आणि तेरा वर्षांच्या मुलीचा हात चाळिसाव्या शॉटलाच थरथरायला लागतो. मोठ्या माणसाला छंद म्हणून करायचं असेल तर मी आजही तेच सुचवेन.

राहिलं सिलेंडरवालं, म्हणजे आधीच भरलेल्या हवेवर चालणारं. यात स्टायर, मोरीनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी अशी मोठी नावं आणि किंमत दीड-दोन लाखांच्या घरात. आणि त्याच्या खालच्या पायरीवर, नवशिक्यांसाठी म्हणून, हे हॅमर्ली एपी २०. हॅमर्ली मूळची स्वित्झर्लंडची, आता उमारेक्सकडे आहे म्हणजे वॉल्थरच्याच घराण्यात. आम्हाला साधारण एका नव्या स्कूटीच्या किमतीत पडलं.

आता मूठ. हे जरा सविस्तर लिहिते कारण सगळे इथेच फसतात. आपण शाळेचा युनिफॉर्म दोन बोटं मोठा घेतो ना, पोर वाढतंय म्हणून, तसं पिस्तुलाचं करायचं नाही. दुसऱ्या एका दुकानात अगदी हेच सांगत होते, मीडियम ले जाओ, साल भर में हाथ भर जाएगा. लेकीनं हातात घेतलं तर बोटाचं टोक कसंबसं ट्रिगरला पोचत होतं, आणि बोट पोचवायला ती तळहात फिरवत होती, तळहात फिरला की मनगट वाकतं आणि सगळे शॉट एका बाजूला जातात. सरांनी ओळखायची जी पद्धत शिकवली ती कोणालाही घरबसल्या कळेल अशी आहे. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघायचं, समोर भिंत, मुलानं मूठ धरून डोळे मिटायचे, हात टार्गेटच्या उंचीला आणायचा आणि मग डोळे उघडायचे. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये दिसली तर मूठ हाताची आहे. डावी-उजवीकडे किंवा वर-खाली दिसली आणि पाच वेळा तशीच दिसली तर मूठ हाताची नाही, मग पिस्तूल कितीही भारी असो. आणि बोट ट्रिगरवर ठेवल्यावर बोटाच्या बाजूची कड मुठीला घासायला नको, पहिल्या पेराचाच भाग ट्रिगरवर यायला हवा.

आमच्या एपी २० ची मूठ आम्ही लहान मापाची मागून घेतली, तरी अंगठ्याखाली पोकळी राहत होती, तिथे सरांनी पुट्टी भरली, सुकली, घासली, परत भरली, तीन रविवार गेले त्यात. दिसायला अगदी गचाळ झालीये, लेकीला लाज वाटत होती, मग स्टेट मॅचला मोठ्या शूटर्सच्या मुठी बघितल्या तर सगळ्यांच्या तशाच, कोणाची तर फर्निचरच्या दुकानातून उचलून आणल्यासारखी. खालची तळहाताची पट्टी वर-खाली होते, ती आवळून ठेवायचा मोह होतो कारण हाताला घट्ट वाटतं, पण आवळली की वीस शॉटांनंतर मुंग्या येतात. मनगट मोकळंच लागतं, बेल्ट नाही, घड्याळसुद्धा नाही, नियमच आहे.

वजन. नऊशे ग्रॅमच्या आत आहे, मोठी मॅच पिस्तुलं किलोच्या आसपास जातात. शंभर ग्रॅमनं काय होतंय असं मलाही वाटलं होतं, एका हातात लांब धरून सव्वा तास उभं राहा मग कळतं. पण हलक्याचा एक तोटा आहे जो दुकानदार सांगत नाही. हलकं पिस्तूल लवकर उचललं जातं तसं लवकर डुलतंही, जड पिस्तूल हळू डुलतं. त्यामुळे सहा महिन्यांनी ताकद आल्यावर तिला ते "फडफडतं" वाटायला लागलं. हा या पिस्तुलाचा दोष म्हणता येणार नाही, मुलगी वाढली एवढंच.

ट्रिगर मेकॅनिकल आहे, बॅटरीचा नाही, आणि सरांचा आग्रहच होता की पहिलं पिस्तूल असंच पाहिजे. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनूचं पिस्तूल मॅच चालू असताना बिघडलं होतं आणि दुरुस्तीत किती वेळ गेला ते सगळ्यांनी पाहिलं. तिच्यामागे टीम होती, आमच्यामागे मी आणि एक स्क्रूड्रायव्हर. ट्रिगरचं वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही, मॅचच्या आधी पिस्तूल उभं धरून ट्रिगरला वजन लावतात, पिस्तुलानं ते उचललं पाहिजे, ट्रिगर सुटला की नापास. आमचा पहिल्याच मॅचला सुटला. क्लबमधल्या एका दादानं "थोडा हल्का कर देता हूँ" म्हणून आदल्या दिवशी स्क्रू फिरवला होता, लेक रडवेली, परत फिरवून आणलं तेव्हा पास. तेव्हापासून पिस्तुलाला सर सोडून कोणी हात लावायचा नाही.

सेकंडहँडचंही सांगते, कारण आम्हाला एक जुनं मोरीनी मिळत होतं, एपी २० पेक्षा थोडंच महाग, नवऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. सिलेंडरवर बनवल्याची तारीख असते ती बघा, साधारण दहा वर्षांची मुदत धरतात आणि मुदत संपलेला सिलेंडर मॅचला बाहेर ठेवतात, शिवाय आत दोनशे बार दाब असतो, हा काही गाडीचा टायर नाही. त्या पिस्तुलाचे दोन्ही सिलेंडर संपलेले होते. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं, विचारल्यावर म्हणे "चलता है". नाही चलता.

हवा क्लबच्या मोठ्या टाकीवरून भरतो, एका भरण्यात तिचं दीड दिवसाचं प्रॅक्टिस होतं. हातपंपही मिळतो, दोनशे बारपर्यंत मारता मारता नवऱ्याचं पोट एक इंच कमी झालं असेल पण दमट हवेत आत पाणी जातं म्हणून पावसाळ्यात बंद केला. आणि हे नीट वाचा, फक्त कोरडी हवा, कोणी कितीही सांगितलं तरी मेडिकलचा ऑक्सिजन सिलेंडर लावायचा नाही, तेलाशी संबंध आला तर स्फोट होतो. पेलेट चपट्या तोंडाचे, पाचशेचा डबा, आणि डबा किती लवकर संपतो ते विचारू नका, पिस्तुलाची किंमत एकदाच दुखते, पेलेट दर महिन्याला. शिसं असतं म्हणून रेंजवरून आली की साबणानं हात धुतल्याशिवाय ताटाला हात नाही, आजीच्या सोवळ्यापेक्षा कडक.

घरी पिस्तूल कुलपात, पेलेट दुसऱ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. नळीत केशरी दोरी घातलेली असते, ती दोन्ही टोकांनी दिसली म्हणजे आत काही नाही. पाहुणे आले की "दाखव ना बेटा" सुरू होतं, आम्ही दाखवत नाही, एकदा मामेसासरे रुसले, रुसू देत. गच्चीवर प्रॅक्टिस नाही, कबुतरं तर अजिबात नाही.

आठ महिन्यांत काय झालं तर ६०० पैकी ४८० च्या आसपास होती ती आता ५३० ला टेकते. यातलं पिस्तुलाचं किती आणि रोजच्या बाटलीचं किती ते मला नाही सांगता येणार, सर म्हणतात बाटलीचं जास्त. एवढं मात्र खरं की आता शॉट चुकला तर ती पिस्तुलाकडे बघत नाही. नळीवरची कव्हरं वेगवेगळ्या रंगांची लावता येतात, तिनं निळं लावलंय, त्यानं नेमात काही फरक पडत नाही पण तेरा वर्षांच्या पोरीला त्याचं केवढं कौतुक.

घ्यावं का? वय बारा ते पंधरा, हात लहान, क्लबमध्ये किमान सहा महिने टिकलेलं पोर असेल तर घ्या, डोळे मिटून हात उचलायची परीक्षा दुकानातच करून घ्या, करू देत नसतील तर दुकान बदला. सतरा-अठराचं, दणकट हाताचं पोर असेल तर थोडं थांबून वरच्या पायरीचंच घेतलेलं बरं. आमचं अजून वर्षभर तरी चालेल असं वाटतंय, मग मोठी मूठ की मोठं पिस्तूल ते तेव्हा बघू. परवा रविवारी मॅच आहे, पहाटे साडेपाचला सिलेंडर भरायला जायचंय, पोहे-जिलबी वाटेतच.