७२०२ सांगून ७२०१ गळ्यात मारला

जुन्या ब्रिटिश ४०५ लाइनच्या (म्हणजे सिग्नलमध्ये चित्राला ४०५ आडव्या रेघा) टीव्हीसाठी घरी कन्व्हर्टर, म्हणजे नंतरच्या ६२५ लाइनचा सिग्नल ४०५ चा करणारं सर्किट, बनवताय? मग मेमरी चिप घेण्याआधी हे वाचा, माझे तीन आठवडे गेलेत.

४०५ चं प्रक्षेपण जानेवारी १९८५ लाच बंद झालं, त्यामुळे सेट धडधाकट असला तरी त्याला दाखवायला काही नाही, आणि ६२५ चा सिग्नल थेट दिला तर नुसत्या तिरप्या रेघा, कारण एकाची लाइन फ्रिक्वेन्सी १५६२५ हर्ट्झ आणि दुसऱ्याची १०१२५. नशीब एवढंच की दोन्हीकडे सेकंदाला ५० फील्डच (फील्ड म्हणजे एकाआड एक रेघांचं अर्धं चित्र), म्हणून अख्खी फ्रेम साठवायला लागत नाही, थोड्या लाइन साठवल्या तरी भागतं. त्यासाठी मी ७२०२ फिफो (आधी भरलेलं आधी बाहेर देणारी मेमरी चिप) वापरायचं ठरवलं. त्यात १०२४ शब्द (एका सँपलला एक) मावतात आणि माझ्या एका लाइनचे दिसणारे सँपल, म्हणजे चित्राच्या उजेडाची मोजमापं, ७२०, म्हणजे आरामात.

ऑनलाइन एकाकडे 'ब्रँड न्यू' सहा मिळाले, स्वस्तात. तिथेच शंका यायला हवी होती पण मी खूश!

चित्र आलं, पण पाऊण स्क्रीनच्या जरा अलीकडे धाडकन कापलेलं, टेस्ट कार्डचं (चाचणीसाठीच्या ठरावीक चित्राचं) वर्तुळ उजवीकडून सुरीने छाटल्यासारखं, पुढे सगळा काळोख. साहजिकच मला वाटलं माझाच कोड चुकला. रीड क्लॉक बदलला, ब्लँकिंग (दोन लाइनांमधला कोरा वेळ) पुन्हा मोजलं, एक बोर्ड तर नव्याने सोल्डर केला. वर्तुळ तिथेच कापलेलं. शेवटी वैतागून चिप काढून आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डला) जोडली आणि एकेक शब्द लिहीत फुल फ्लॅग (मेमरी भरल्याचं सांगणारी पिन) कधी खाली येतो ते मोजलं. ५१२. सहाही चिपांचं तेच. अहो ५१२ म्हणजे ७२०१, पिना अगदी सारख्या, फक्त मेमरी निम्मी!

मग कापसाला ॲसिटोन लावून चिप पुसली तर कापूस काळा आणि खाली घासल्याचे ओरखडे. पिन १ चा खळगाही रंगाने अर्धा बुजलेला. डेट कोडकडे (चिप कधी बनली ते सांगणाऱ्या छापील आकड्याकडे) तर मी आधी बघितलंच नव्हतं, शेवटचे दोन आकडे म्हणजे आठवडा, आणि तिथे चक्क ५८ छापलेलं (वर्षात इतके आठवडे कुठून आणले देव जाणे).

विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे तुमच्या सर्किटचं टायमिंग बघा. मी तक्रार टाकली तसा एकदम गोड झाला, तक्रार उघडी असली की आमचं खातं अडकतं, तुम्ही मागे घ्या, लगेच पैसे परत करतो. आणि मी येड्यासारखी मागे घेतली! त्यानंतर एकही उत्तर नाही, आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही म्हणे. पैसे हातात पडेपर्यंत तक्रार मागे घेऊ नका, तो कितीही गयावया करू दे. आणि चिप बोर्डवर लावायच्या आधी शब्द मोजा, दहा मिनिटांचं काम आहे.

नंतर भंगारातल्या एका जुन्या कार्डवरून ७२०२ उपसले, मोजले, १०२४ भरले. आता वर्तुळ पूर्ण येतं. आवाजात थोडी घरघर आहे, पण ती माझ्याच वायरिंगची.