रेक्टरचा फोन की कॉलेजची खिडकी

एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालं, शिकवायचं नाही, पण मुलांमध्येच राहायचंय, असं म्हणणाऱ्याला बडोद्यात पहिली नोकरी बहुधा दोन ठिकाणी मिळते. शहराबाहेरच्या खासगी विद्यापीठात वसतिगृहाचा असिस्टंट रेक्टर, नाहीतर गावातल्या जुन्या ट्रस्ट कॉलेजच्या विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर ११ महिन्यांचा करार. मी आधी पहिली केली, आता दुसरीत आहे.

पगारात रेक्टर सरळ पुढे. खोली, मेसचं जेवण फुकट, त्यामुळे हातात पैसे उरतात. शिवाय मुलं खरी तिथेच कळतात. भावनगरकडचा एक पहिल्या वर्षाचा मुलगा आठवडाभर जेवायला येत नव्हता. त्याच्या खोलीत जाऊन बसलो तेव्हा कळलं, पोरगा इंग्रजीतल्या व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, धास्तीने सुकला होता. असं काही खिडकीतून दिसत नाही. कबूल.

पण नवरात्र आलं. गरबा बाराला संपणार, मुलं एकच्या सुमारास परतणार, आणि आउटपास, म्हणजे रात्री बाहेर जायची चिठ्ठी, द्यायचा तर वडिलांची फोनवर परवानगी हवी. संध्याकाळी सातला माझ्या दारात साठेक मुलं झब्बे घालून उभी. मी एकेकाच्या 'पप्पां'ना फोन लावतोय. एका पप्पांचा आवाज फोनमधून आणि जिन्यावरून, असा दोन्हीकडून ऐकू आला. हसलो, सही केली. मग मध्यरात्री फाटकावर रजिस्टर घेऊन बसायचं, आणि तेवढ्यात खऱ्या पप्पांचे फोन: "साहेब, आमचा आला का?" यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांत वॉर्डनने, म्हणजे आमच्यासारख्यांनी, कुठल्याही वेळी फोनवर सापडायला हवं असं आहेच, आणि ते योग्यच आहे. पण मी एकटा, आणि सिम एकच. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेला माणूस, नऊच्या नऊ रात्री गरबा लांबून ऐकला. दसऱ्याला घरी गेलो तर आई म्हणाली, "जेवताना तरी तो फोन उलटा ठेव." ठेवला. उलटाच थरथरत राहिला.

मेसच्या तक्रारी, पाणी, भांडणं हे सगळं मी सहन केलं असतं. तो फोन नाही झाला. कदाचित माझाच पिंड तसा नसेल. दोन रेक्टर पाळीने काम करतात अशी ठिकाणंही असतील, तिथे माझं म्हणणं लागू नाही.

खिडकीची नोकरी कोरडी आहे. बोनाफाइड, ओळखपत्रं, शिष्यवृत्ती. नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या तपासणीचं, वर्ष असेल तर विद्यार्थी-साहाय्याच्या फाइली तुमच्याच गळ्यात पडतात. मुलाखतीत गुजराती लिहायला लावतात. आपण मराठी घरातले बोलतो फर्डं, लिहिताना मात्र र्‍हस्व-दीर्घाला अडतो, तेवढी तयारी करून जा. आणि करार संपला की मधला महिना बिनपगारी.

तरी मला इथे जास्त जमतं. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेचं, म्हणजे गुजरात सरकारच्या शिष्यवृत्तीचं, नूतनीकरण एका मुलीचं हजेरीवर अडलं होतं. दाखला चुकीचा निघाला होता, ७५ टक्क्यांच्या खाली. विभागात दोन चकरा मारून तो दुरुस्त करून आणला. तिने खिडकीतून आत डोकावून विचारलं, "सर, पुढच्या वर्षीपण तुम्हीच असाल ना?" मी कराराची तारीख मनात मोजली आणि "बघू" म्हणालो.

साडेपाचला खिडकी बंद होते. वसतिगृहाच्याच मुलाखतीला जाणार असाल तर पगाराआधी एवढं विचारा: रात्रीचा फोन आलटूनपालटून कोणाकडे असतो? समोरचा "तुमच्याकडेच" म्हणाला, तर खोली बघायला जाण्याआधी थोडा विचार करा.