बेसबॉल सॅवंट: म्हातारा डीएच पारखायले कामाची साइट, पण बैल उठवून पाहा

पहिलेच सांगून टाकतो, बेसबॉलचे आकडे दाखवणाऱ्या या साइटच्या भरवशावर मी दोन हिवाळे सलग पैज हरलो, घरची २० किलो तुरीची डाळ यवतमाळले आत्याच्या घरी पोचती झाली, तरी बी मी पाचपैकी चार स्टार देऊन राह्यलो. काहून देऊन राह्यलो ते पुढं वाचा.

पैज अशी हाये. माझा आतेभाऊ, आमचा दादा, अमेरिकेत मिनियापोलिसले राहते, तिथल्या ट्विन्स टीमचा पक्का माणूस. मी इकडं दारव्ह्याकडं वावर पाहतो. शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळलो, तालुक्याच्या वर कधी गेलो नाही, पण येड तिथूनच लागलं. उन्हाळ्यात पहाटे साडेचार-पावणेपाचले उठलं का तिकडं न्यूयॉर्क-बोस्टनच्या रात्रीच्या मॅचा सुरूच होऊन राह्यल्या असतात, मोटर चालू करायले जाता जाता दोन इनिंग पाहून होतात. तिकडं वर्ल्ड सिरीज संपते अन् इकडं कापूस वेचायले येते, तेव्हा आम्ही दोघं करार संपून बाजारात मोकळे झालेले जुने बॅटर घेऊन बसतो. मी एक म्हातारा निवडायचा, डीएच म्हणून कोणी घेतला अन् पुढच्या सीझनले त्यानं २० होमरन मारले तं मी जिंकलो, नाही तं १० किलो डाळ. दादा हरला तं मले तिकडून बॅटिंगचे ग्लोव्ह्ज. ग्लोव्ह्ज अजून काही आले नाहीत.

ज्यांले डीएच माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो, पिचरच्या बदल्यात फक्त बॅटिंग करणारा माणूस म्हंजे डीएच (डेझिग्नेटेड हिटर), फिल्डिंगले उतरतच नाही. मेजर लीग म्हंजे तिकडची सगळ्यात वरची स्पर्धा, तिच्यात अमेरिकन अन् नॅशनल असे दोन भाग, त्यातल्या अमेरिकन लीगनं हे १९७३ साली सुरू केलं, यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डीएच, अन् त्या पहिल्या पाळीले पठ्ठ्यानं वॉक घेतला, म्हंजे चार वाईट चेंडू सोडून फुकटात पहिल्या बेसवर गेला. नॅशनल लीगवाले लय वर्षं नाक मुरडत होते, २०२२ पासून तिथं बी कायमचं झालं. मले वाटलं होतं आता म्हाताऱ्यांच्या नोकऱ्या वाढतीन, पण झालं वेगळंच, बऱ्याच टीमा ती जागा आपल्याच पोरांले आळीपाळीनं आराम द्यायले वापरतात, त्याच्यानं फक्त बॅट असलेल्या ३५-३६ वर्षांच्या माणसाले बाजारात गिऱ्हाईक कमीच. बाबांले हे समजावून सांगितलं तं ते म्हणे, म्हंजे वावरात जात नाही, नुसता पोळ्याले सजून येते. त्याच्यापेक्षा चांगली व्याख्या मले अजून भेटली नाही.

आता साइट. मेजर लीगचीच हाये, पूर्ण फुकट, लॉगिन नाही, ओटीपी नाही, पाच मिनिटांनी पैसे मागणारी खिडकी नाही. २०१५ पासून सगळ्या स्टेडियममध्ये स्टॅटकास्ट बसवलं हाये, ते प्रत्येक चेंडू किती वेगानं आला, बॅटवरून किती वेगानं सुटला, कोणत्या कोनात गेला ते मोजते, अन् ते सगळं इथं दिसते. खेळाडूचं पान उघडलं का लाल-निळे गोळे येतात. लाल म्हंजे लीगमध्ये वरचा, निळा म्हंजे खालचा. ताशी ९५ मैल, म्हंजे आपल्या १५३ किलोमीटरच्या वर मारलेला चेंडू जोरदार धरतात, त्याचं प्रमाण दिसते. स्ट्राइकआउट, म्हंजे तीन स्ट्राइक होऊन बाद, किती, वॉक किती, वाईट चेंडूमागं किती धावते, सगळं. नवीन माणसाले बी अर्ध्या घंट्यात समजते, मले समजलं म्हंजे कोणालेही समजीन.

डीएच पाहायचा असला तं खालचे फिल्डिंगचे अन् पळण्याचे गोळे निळेशार असतीन, त्याले भ्यायचं नाही. फिल्डिंग तं सोडूनच द्या. पळण्याचं मात्र एक ध्यानात ठेवा, तो आधीपासूनच हळू असला तं चालते, पण एका वर्षात अचानक खाली आला असला तं पायाले काहीतरी झालं हाये, अन् ताकद खालून येते, दंडातून नाही.

मी फसलो ते लाल गोळ्याले. २०२३ ले जेडी मार्टिनेझ डॉजर्सकडं एका वर्षाचा एक कोटी डॉलरवर होता, ११३ मॅचमध्ये ३३ होमरन, १०३ आरबीआय, म्हंजे त्याच्या बॅटिंगवर टीमले आलेल्या धावा. पान उघडलं तं जोराचे गोळे लालभडक. मी म्हटलं हाच. दादा म्हणे थोडा खाली तं सरक, स्ट्राइकआउट पाह्य. २०२२ ले शंभरात २४ च्या आसपास होते, २०२३ ले ३१ झाले. मी म्हटलं जाऊ दे ना बावा, ३३ होमरनवाल्याचे कोण स्ट्राइकआउट मोजते. मग झालं काय का हिवाळाभर त्याचा सौदाच जुळला नाही, मार्चच्या शेवटी मेट्सनं एक कोटी २० लाख डॉलरमध्ये घेतला, म्हंजे आपले शंभर कोटीच्या घरात, तोवर सीझन तोंडावर आला होता, तयारी करून टीममध्ये उतरता उतरता एप्रिलचा शेवट झाला. १६ होमरन, ॲव्हरेज .२३५, म्हंजे वॉक वगैरे सोडून हजार पाळ्यांत २३५ हिट. साइटनं सगळं दाखवलं होतं, मीच वरचेच गोळे पाह्यले. तेव्हापासून माझा नियम, म्हाताऱ्याचं पान खालून वर वाचायचं, अन् एका वर्षाचं नाही, तीन वर्षांचं. जोर सगळ्यात शेवटी जाते. पहिले जाते ते चेंडूपर्यंत बॅट पोचवणं.

त्याच्यासाठी आता बॅटचा वेगच दिसते, ही सोय त्यांनी २०२४ च्या मे महिन्यात दिली. सरासरी ताशी ७२ मैलांच्या आसपास, ७५ च्या वर गेला तं जलद धरतात. यांकीजचा जियानकार्लो स्टँटन ८० च्या वर फिरवते, तो माणूस नाही, थ्रेशर हाये. ३५ च्या वरच्या बॅटरचा हा आकडा दर वर्षी किती घसरून राह्यला ते पाहा. एक-दीड मैल घसरला अन् सोबत फास्टबॉलवर निकाल बी खाली आला तं तिथंच पान बंद करा.

दुसऱ्या हिवाळ्यात मी जॉक पीडरसन धरला. म्हातारा नव्हताच, ३२ चा, पण डीएचच. ॲरिझोनाकडं २०२४ ले २३ होमरन, रेंजर्सनं दोन वर्षांचे तीन कोटी ७० लाख डॉलर दिले. गोळे लाल, स्ट्राइकआउट बी ठीक, माझे नियम सगळे पाळले. अन् २०२५ च्या सुरवातीलेच सलग ४१ पाळ्या एक हिट नाही, मग मे महिन्यात चेंडू लागून हाताचं हाड मोडलं, सीझनचं ॲव्हरेज .१८१. याच्यात साइटचा दोष काढणं म्हंजे गारपिटीसाठी पंचांगाले शिव्या देणं होय.

पण साइटचं खरं उणं मले नेल्सन क्रूझचं पान पाहताना समजलं, अन् तिथंच माझा एक स्टार कापला. क्रूझ म्हंजे म्हाताऱ्या डीएचचा आदर्श. २०१४ ले ओरिओल्सनं ८० लाख डॉलरमध्ये घेतला, ४० होमरन मारून अख्ख्या मेजर लीगमध्ये पहिला. २०१९ ले ट्विन्सकडं ३९ व्या वर्षात ४१, त्या टीमनं त्या साली ३०७ होमरन मारून विक्रम केला, दादा त्या वर्षी फोनवर दुसरं बोलतच नव्हता. २०२१ ले बी ३२. मग नॅशनल्सनं २०२२ साठी दीड कोटी डॉलर दिले अन् आले १० होमरन. आता त्या वर्षाचं पान उघडा, चेंडू अजून बी जोरात लागून राह्यला होता, फक्त वर जाण्याच्या जागी जमिनीवर. हे एवढं दिसते. काहून दिसत नाही ते. सीझन संपल्यावर बातमी आली का डाव्या डोळ्याजवळ सूज होती, तिचं ऑपरेशन केलं. आता कॅमेरा चेंडूचा वेग मोजीन, डोळ्यातलं पाणी कसं मोजीन?

अन् बाबांची एक गोष्ट इथं सांगतोच. आमच्याकडं जुना बैल घ्यायचा असला तं हेडी, म्हंजे बैलांचा दलाल, त्याले उभा करून दाखवते, शिंगं रंगवलेली, अंगावर तेल. बाबा दात पाहतात, खांद पाहतात, अन् मग म्हणतात, याले बसव, दम खाऊ दे, अन् आता उठव. चालताना सगळेच बैल चालतात, म्हाताऱ्याची खोट उठताना दिसते. डीएचचं कामच ते हाये ना राजेहो. बाकीचे नऊ जण मैदानात घामाघूम होतात, हा अर्धा-पाऊण घंटा बाकावर बसते, अन् मग उठून ताशी १५५ किलोमीटरच्या चेंडूले बॅट लावायची. लय बॅटरांले हे जमत नाही, फिल्डिंग करताना चांगली बॅटिंग होते, डीएच केला का अंग आखडते. हे गोळ्यांत कुठंच नाही. त्याच्यासाठी बेसबॉल रेफरन्स नावाच्या दुसऱ्या साइटवर जाऊन स्प्लिट्समध्ये डीएच म्हणून खेळतानाची वेगळी ओळ पाहावी लागते. पहिल्यांदाच डीएच होणारा ३४ वर्षांचा आउटफिल्डर कोणी घेऊन राह्यला असीन तं ही ओळ पाह्यल्याशिवाय डाळ लावू नका.

तिथंच डाव्या-उजव्या पिचरसमोरचा हिशोब बी पाहून घ्या. अल्बर्ट पुहोल्सले २०२१ च्या मे मध्ये एंजेल्सनं सोडून दिलं होतं, सगळ्यांनी संपला म्हटलं. २०२२ ले कार्डिनल्सनं २५ लाखांत घेतला, जास्त करून डाव्या पिचरसमोर उतरवला, अन् ४२ वर्षांच्या माणसानं २४ होमरन मारून ७०३ वर करिअर संपवलं. अर्धा डीएच घ्या, पण बरोबर अर्धा घ्या. २५ लाखांत असा सौदा म्हंजे दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव करताना हेडीच चुकला म्हणायचं.

जुने किस्से इथं भेटत नाहीत, २०१५ च्या आधीचं स्टॅटकास्टच नाही. फ्रँक थॉमसले २००६ ले ओकलंडनं पाच लाखांच्या मूळ पगारावर घेतलं, घोट्याच्या दुखण्यानं आधीच्या वर्षी ३४ च मॅच खेळला होता, अन् ३९ होमरन. ते पाहून ब्लू जेजनं दोन वर्षांचे एक कोटी ८० लाख दिले, तं २००८ च्या एप्रिलमध्येच सोडावा लागला. दादाचा लाडका जिम थोमे, २०१० ले ट्विन्सनं १५ लाखांत आणला, टार्गेट फील्ड त्याच साली उघडलं होतं, १०८ मॅचमध्ये २५ होमरन, ३९ व्या वर्षी. आणि दादाले चूप करायचं असलं तं एकच नाव, डेव्हिड ऑर्टिझ. २००२ च्या डिसेंबरले ट्विन्सनं सोडला, रेड सॉक्सनं साडेबारा लाखांत उचलला, ५४१ होमरन अन् हॉल ऑफ फेम. त्याच्या शेवटच्या साली, २०१६ ले, ४० वर्षांचा असून ३८ होमरन, ते पान मात्र साइटवर हाये. मी दादाले वर्षातून एकदा लिंक पाठवतोच.

वापरायचं म्हणाल तं लहान मोबाइलवर टेबलं आडवी सरकवत बसावं लागते, फोन आडवा धरा. आमच्याकडं रेंज गच्चीवरच येते, त्याचा दोष टॉवरवाल्या कंपनीचा, तिचं नाव घेत नाही, बिल मात्र वेळेवर येते तिचं.

यंदाची पैज मार्सेल ओझुनावर. २०२४ ले अटलांटाकडं .३०२ अन् ३९ होमरन, २०२५ ले .२३२ अन् २१, नोव्हेंबरमध्ये ३५ पूर्ण. श्वार्बरसारखा ५६ होमरन मारून पाच वर्षांचे १५ कोटी डॉलर नेणारा वेगळा, आपण जुन्या बाजारातले. ओझुनाचं पान मी यावेळी खालून वर वाचलं, वॉक ९४, म्हंजे नजर जागेवर हाये. पण उजव्या खुब्याचं दुखणं त्याले २०२५ ले होतं, ते पानावर कुठं नाही.

साइटवर प्रत्येक चेंडूचा व्हिडिओ बी हाये, ही सोय लोकं वापरतच नाहीत. परवा गच्चीवर बाबांले त्याच्या २०२५ च्या दहा-बारा पाळ्या दाखवल्या. बाबांले नाव माहीत नाही, टीम माहीत नाही, होमरन अन् फाउल यातला फरक बी धड माहीत नाही. तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओले म्हणे, "हा मांगच्या पायावर भार देऊन नाही राह्यला." उजव्या हाताचा बॅटर, मांगचा पाय उजवा. मी लगेच दादाले फोन लावला, तो म्हणे मामाले विचार, पुढच्या सीझनले उठीन का? बाबा म्हणे, "चार महिने दावणीले बांधून हाये ना थो, दुखणं उतरलं बी असीन. पहिले चालवून दाखव म्हणा."

पैज लावली. यावेळी पाचच किलोची.