रोबोटने बसवलेला उजवा गुडघा: नऊ महिन्यांनंतर

एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केली. चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडणाऱ्याचे गुडघे टिकणार तरी किती? उजवा पार घासला, पाय बाहेरच्या बाजूला धनुकलीसारखा वाकला. शेवटी पुण्यात सांधा बदलून घेतला, माको नावाच्या रोबोटवर. नऊ महिने थांबून लिहितोय. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या.

गावात अजून विचारतात, "डॉक्टर होते का तिथं, की यंत्रानंच केलं?" होते की! आधी पायाचा सीटी स्कॅन काढतात. त्यावरून संगणकात हाडाचं चित्र उभं राहतं आणि कुठलं हाड किती मिलिमीटर कापायचं, सांधा कोणत्या कोनात बसवायचा, हे डॉक्टर ठरवतात. करवत रोबोटच्या हाताला असते, पण तो हात धरून चालवतात डॉक्टरच. ठरलेल्या हद्दीबाहेर करवत जायला लागली की यंत्र अडवतं. पाय जरा हलला तरी त्याला समजतं, कारण मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना घालून त्यावर ट्रॅकर लावलेले असतात आणि कॅमेरा त्यांच्यावर नजर ठेवून असतो.

या पिनांचं मला आधी कुणी बोललं नव्हतं. नडगीवर तिकीट पंच केल्यासारखी दोन भोकं! मुख्य जखम भरली तरी ती जागा दोन महिने ठणकत होती.

'छोटी चीर' म्हणतात त्यावरही फार जाऊ नका. माझी वीतभराला थोडी कमी. शेजारच्या खाटेवरच्या काकांचं ऑपरेशन साध्या पद्धतीने झालेलं, त्यांचीही जवळपास तेवढीच. अख्खा सांधा आत जायचा तर वाट तेवढी लागणारच. फरक आत आहे. साध्या पद्धतीत कोन धरायला मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालतात, इथे ती लागत नाही.

दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभा केला. पुढचे तीन महिने मात्र फिजिओथेरपीवाल्या पोराचे. तो गुडघा दाबून वाकवायचा तेव्हा माझ्या तोंडून काय काय निघालं ते घरच्यांना विचारा. ९० अंशांवर आलो तेव्हा बायकोने पेढे वाटले. आज १२० पर्यंत वाकतो. जिना सरळ चढतो, उतरताना कठडा धरतो. चिरेच्या बाहेरच्या बाजूला कातडी अजून बधिर आहे, मधूनच आतून 'टक्' असा आवाज येतो. मांडी घालायला डॉक्टरांनी मनाई केलीय, त्यामुळे पंगतीत खुर्ची. पण पाय सरळ झाला, हे खरं. पूर्वी उजव्या चपलेची बाहेरची कड आधी जायची, आता तळ सगळीकडून सारखा झिजतो.

पैशाचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथेच पोळलो. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये ठरले होते, कर वेगळा. पण ही मर्यादा सांध्याला, रोबोटच्या वापराला नाही. त्याचे पैसे बिलात वेगळे लागतात. विमा नियामकाने २०१९ मध्ये सांगितलंय की रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येणार नाही, मात्र कंपनीला रकमेची मर्यादा ठेवायची मुभा आहे. माझ्या पॉलिसीतली मर्यादा मला कळली घरी सोडायच्या दिवशी, काउंटरपुढे उभं राहून. आयुष्यभर दुसऱ्यांकडे सुटे मागणारा मी, त्या दिवशी मुलाच्या तोंडाकडे बघत होतो.

जादा पैसे वसूल झाले का? हाडाचा काप आणि पायाची रेघ, म्हणजे पाय किती सरळ येतो ते, रोबोटने अचूक येते, यात वाद नाही. पण कोरियात जुन्या रोबोडॉक यंत्रावर केलेल्या गुडघ्यांची साध्या पद्धतीच्या गुडघ्यांशी तुलना झाली, ती २०२० साली छापून आली. दहा वर्षांहून जास्त काळ पाहूनही चालण्यात किंवा सांधा टिकण्यात फरक सापडला नाही. नवी यंत्रं वेगळी आहेत, त्यांना अजून एवढी वर्षं झालेली नाहीत. शेजारचे ते काका माझ्याआधी काठी सोडून फिरायला लागले, हेही सांगून टाकतो.

आता डावा कुरकुरतोय. दिवाळीनंतर करायचा आहे, त्याच डॉक्टरांच्या हातून. रोबोट घ्यायचा की नाही ते त्यांच्यावर सोडलंय, फक्त या खेपेला बिलाचा अंदाज आणि विम्याची मर्यादा आधी कागदावर मागितलीय.