जीपॉवर सॉफ्टवेअर: फुकट आहे, भारी आहे, पण आधीच भरलेल्या आकड्यांवर विसंबू नका

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येतंच.

मी सोलापूरची, पीएसएमला (सामाजिक आरोग्याचा विषय) एमडी करतेय. थिसिस यंत्रमाग कामगारांच्या बीपीवर आहे, मीठ कमी खायला शिकवलं तर बीपी उतरतं का, एवढंच बघायचंय (शेंगा चटणी आणि पापडाच्या गावात ऐकणार कोण, तो विषयच वेगळा). सॅम्पल साइझसाठी, म्हणजे किती माणसं घ्यायची ते काढायला, सीनियरनी जीपॉवर टाकून दिलं. जर्मनीतल्या डुसेलडॉर्फ युनिव्हर्सिटीचं आहे, एक रुपया लागत नाही, विंडोज आणि मॅकवर चालतं, मोबाईलवर नाही.

दोन गटांची टी टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) उघडली की वन टेल (फरक एकाच दिशेनं शोधायचा), इफेक्ट साइझ 0.5 (फरक एसडीच्या, म्हणजे माणसामाणसांतल्या चढउताराच्या, किती पट), पॉवर 0.95 (खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता) असं आधीच भरलेलं असतं. मी तसंच कॅल्क्युलेट दाबलं, एका गटात 88 आले, खुशीत मॅडमना नेऊन दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "दुसरं शेपूट कुठं ठेवून आलीस गं? आणि हे 0.5 कुणी सांगितलं?" बरोबरच होतं त्यांचं, एसडी 15 धरला तर 0.5 म्हणजे साडेसात पॉइंटचा फरक, नुसतं मीठ कमी करून सगळ्यांचं एवढं उतरलं तर मेडिकलवाले उपाशी मरतील. मग 5 पॉइंट धरले, टू टेल (दोन्ही दिशा), पॉवर 80 टक्के, तर एका गटात 143! जीवच गेला.

पण याच सॉफ्टवेअरवर आकडे बदलून बदलून बघताना खरा खेळ कळला. प्रत्येकाचं सुरुवातीचं बीपी अ‍ॅनालिसिसमध्ये घेतलं (एनकोव्हा) आणि आधीच्या-नंतरच्या बीपीचं कोरिलेशन (दोन्ही किती जुळतात) 0.6 धरलं, तर 143 चे साधारण 92 होतात, नवीन एकही माणूस न शोधता. आणि बीपी नीट मोजायचं. कारखान्यात मागाच्या खडखडाटात, माणूस आत्ताच उठून आलेला, लगेच कफ बांधला तर 148, पाच मिनिटं बाहेरच्या बाकड्यावर बसवून तिसऱ्यांदा घेतलं तर 134. एका रीडिंगऐवजी दोन-तीनची सरासरी घेतली की एसडी कमी होतो, म्हणजे पॉवर वाढलीच की. आणि बीपीचे "हाय" आणि "नॉर्मल" असे दोन कप्पे करू नका, मधोमध कापलं तर एक तृतीयांश लोक घरी पाठवल्यासारखंच होतं.

आता कापलेला स्टार. आमच्याकडं शिकवणी कारखान्यानुसार आहे, म्हणजे अख्खा कारखाना एकाच गटात (क्लस्टर), आणि जीपॉवरच्या टी टेस्टमध्ये त्याची सोयच नाही. वहीवरच करावं लागलं: एका कारखान्यात 20 जण, आयसीसी (एकाच कारखान्यातली माणसं एकमेकांसारखी किती) 0.02, म्हणजे डिझाइन इफेक्ट (सॅम्पल किती पट वाढवायचं) 1 + 19 × 0.02 = 1.38, आणि 92 चे परत 127. त्यापेक्षा जास्त कारखाने घ्या, प्रत्येकी माणसं कमी घ्या, फायदा होतो, पण मालकांच्या परवानग्या काढता काढता चपला झिजतात.

अजून एक, त्यात पोस्ट हॉक नावाचा पर्याय आहे, रिझल्ट नॉन सिग्निफिकंट आला की काही जण तिथं जाऊन, आलेलाच फरक टाकून पॉवर काढतात आणि "सॅम्पल कमी पडलं" लिहून मोकळे होतात. तो आकडा पी व्हॅल्यूचाच (ज्यावरून रिझल्ट सिग्निफिकंट की नाही ठरतं) दुसरा अवतार असतो, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो) द्या त्यापेक्षा.

नुसतं प्रिव्हॅलन्स (आजार किती टक्के लोकांना आहे) काढायचं असेल तर ओपनएपी बघा, ब्राउजरमध्येच उघडतं आणि त्यात डिझाइन इफेक्टचा रकाना पण आहे.