जर्मनी की अमिरात: दोन पगारांची तुलना करताना

हातात कसब असलेल्या माणसापुढे, म्हणजे इलेक्ट्रिशियन, वेल्डर, नर्स किंवा स्वयंपाकी यांच्यापुढे, आज हे दोन रस्ते अनेकदा एकाच वेळी उभे राहतात. एक संयुक्त अरब अमिरातीचा: आयकर नाही, राहण्याची सोय बऱ्याचदा कंपनीची, आणि निघायला फार वेळ लागत नाही. दुसरा जर्मनीचा: आकडा मोठा, पण त्याला कपात लागणार आणि त्याआधी भाषा शिकण्यात बरेच महिने जाणार. बहुतेक जण दोन्ही पगार एका चलनात आणून ताडून बघतात आणि तिथेच थांबतात. माझ्या मते खरी तुलना त्यानंतर सुरू होते. आजारी पडलात, काम गेलं, मालकाशी पटलं नाही, तर पुढच्या महिन्यात हातात काय उरतं? दोन्ही देशांतला फरक तिथे दिसतो.

आधी पगार. जर्मनीत 2015 पासून जवळजवळ सगळ्यांना लागू असलेलं किमान वेतन आहे आणि 1 जानेवारी 2026 पासून ते तासाला 13.90 युरो झालं आहे. आठवड्याला 40 तास धरले तर महिन्याला साधारण 2,400 युरो होतात. त्यातून पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा, वृद्धसेवा विमा आणि कर वजा होतो, आणि एकट्या माणसाच्या खात्यात 1,700 ते 1,750 च्या आसपास पडतात. घरभाडं त्यातूनच द्यायचं. मोठ्या शहरांत ते जड जातं आणि घर घेताना तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत डिपॉझिट मागतात.

अमिरातीत परदेशी कामगारासाठी कायद्याने ठरवलेलं किमान वेतन नाही. जे करारात लिहिलं आहे तेच तुमचं. म्हणून करारातली एक ओळ बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची ठरते: बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती?

हे नीट समजून घ्या, कारण इथेच पैसे जातात. दोन कंपन्या महिन्याला 2,500 दिरहम देतात असं समजा. पहिली सगळी रक्कम बेसिकमध्ये दाखवते. दुसरी 1,500 बेसिक आणि 1,000 भत्ते असं लिहिते. महिन्याच्या शेवटी दोघांच्या हातात सारखेच पैसे. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: पहिल्या 5 वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, त्यापुढे 30 दिवसांचं. 5 वर्षांनी पहिल्याला 8,750 दिरहम मिळतील, दुसऱ्याला 5,250. ओव्हरटाइमही बेसिकवरच निघतो, त्यावर किमान 25 टक्के जादा, आणि रात्री 10 ते पहाटे 4 या वेळेत 50 टक्के. तेव्हा कंपनी भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवत असेल तर तो आकड्यांचा निव्वळ खेळ नाही, तुमचं नुकसान आहे. एजंटला हा प्रश्न तोंडावर विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

कामाचे तास कागदावर दोन्हीकडे सारखेच वाटतात: दिवसाला 8, आठवड्याला 48 ची मर्यादा. पण जर्मनीत प्रत्यक्ष करार सहसा 38 ते 40 तासांचे असतात, आणि दोन पाळ्यांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती साधारणपणे बंधनकारक आहे. अमिरातीत उन्हात काम करणाऱ्यांसाठी 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम बंद ठेवायचा नियम आहे. नियम चांगलाच आहे, पण साडेबाराच्या आधीचं आणि तीननंतरचं ऊनही तिथे अंगावर येतं. बांधकामावर जाणाऱ्याने आपल्या तब्येतीचा विचार करूनच सही करावी.

सुट्टीच्या बाबतीत मात्र अमिरातीचा कायदा उजवा आहे. एक वर्ष झालं की वर्षाला 30 दिवस पगारी रजा. जर्मनीत कायद्याचं किमान चार आठवड्यांचं, जरी बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात.

आता आजारपण. जर्मनीत चार आठवडे नोकरी झाल्यानंतर आजारी पडलात तर मालक सहा आठवडे पूर्ण पगार देतो, आणि नंतर आरोग्य विमा त्यातला मोठा भाग देतो. अमिरातीत प्रोबेशन संपल्यावर वर्षाला 90 दिवसांची आजारपणाची रजा आहे: पहिले 15 दिवस पूर्ण पगार, पुढचे 30 दिवस अर्धा, उरलेले बिनपगारी. साध्या तापाला दोन्ही पुरे आहेत. पाठीचं हाड मोडलं तर अमिरातीतली रजा पुरत नाही.

काम गेलं तर जर्मनीत किमान 12 महिने विमा भरलेल्याला आधीच्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के भत्ता मिळतो, मूल असेल तर 67 टक्के. तुम्ही वर्षभर भरलं असेल तर सहा महिने, दोन वर्षं भरलं तर बारा महिने. दरमहा कापले गेलेले पैसे असे परत येतात. अमिरातीतही 2023 पासून बेकारी विमा सक्तीचा आहे. 16,000 दिरहमपर्यंत बेसिक असणाऱ्याला महिन्याला 5 दिरहम हप्ता, आणि जास्तीत जास्त तीन महिने बेसिकच्या 60 टक्के. त्याच काळात दुसरी नोकरी शोधायची, कारण राहण्याचा परवानाच नोकरीला बांधलेला असतो. जर्मनीतही सुरुवातीचा परवाना नोकरीशी जोडलेला असतो, पण तिथे कुशल कामगाराला अटी पूर्ण केल्यावर तीन वर्षांत कायमच्या वास्तव्याचा आणि पाच वर्षांत नागरिकत्वाचा रस्ता उघडतो. अमिरातीत सामान्य कामगाराला असा रस्ता नाही.

तक्रार करायची वेळ आली तर? जर्मनीत कामगार संघटना आहेत, आणि पाच कामगारांपासून पुढे कंपनीत कामगार समिती निवडता येते. अमिरातीत संघटनांना आणि संपाला परवानगी नाही. तक्रार कामगार मंत्रालयाकडे करायची, संघटनेच्या आधाराशिवाय. पगार बँकेतून देण्याची पद्धत 2009 पासून असल्यामुळे थकलेला पगार सिद्ध करणं मात्र सोपं झालं आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. डोक्यावर कर्ज आहे, तीन-चार वर्षांत ठरावीक रक्कम जमवून परत यायचं आहे आणि कंपनी खोली देते आहे, तर अमिरात योग्य आहे, अट एकच की बेसिक भक्कम असावं. बायको-मुलांना सोबत न्यायचं असेल, तर जर्मनीसाठी भाषेत घालवलेले महिने वाया जात नाहीत: शाळा मोफत, कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं तुमच्याच सरकारी आरोग्य विम्यात, आणि मुलामागे महिन्याला 259 युरो भत्ता. अमिरातीत परदेशी मुलांसाठी सहसा खासगी शाळा घ्यावी लागते, आणि तिची फी पगाराचा मोठा घास घेते. नर्सिंगसाठी जर्मनीत शिक्षणाची मान्यता आणि साधारण बी2 पातळीची (युरोपच्या सहा भाषा-पातळ्यांतली चौथी) जर्मन भाषा लागते. मान्यता येईपर्यंत सहाय्यक म्हणून, कमी पगारावर काम करावं लागतं. तेवढा काळ घरखर्च कसा चालेल याचा हिशेब आधीच मांडा.

अमिरातीला जाणार असाल तर ऑफर लेटरवरचे आकडे आणि मंत्रालयात नोंदलेल्या करारावरचे आकडे तंतोतंत जुळतात का, ते विमानात बसण्याआधी तपासा. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो. तो कामगाराकडून घ्यायला किंवा पगारातून कापायला तिथल्या कायद्याची बंदी आहे. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणंही बेकायदा आहे. यातलं काहीही मागितलं गेलं तर ती ऑफर सोडून द्या.